भाजणी, करंज्या आणि संगणकाची खरेदी

साच्यांचे आरेखन हा माझा तीस वर्षांहून अधिक काळचा व्यवसाय असल्यामुळे भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील ओळखीचे कारखानदार, डिझाइन विभागाचा संगणक बदलण्याची वेळ आली की, दरपत्रकांची चळत घेऊन माझ्याकडे येतात आणि वधूपित्याने आलेल्या पत्रिका पुढे ठेवाव्यात तशी ती टेबलावर मांडून माझा निवाडा मागतात. मी दरपत्रके बाजूला सारतो आणि उलट विचारतो की, आपला डिझायनर दिवसातून किती वेळ, आणि नेमका कशापायी खोळंबतो? याचे उत्तर फार थोड्यांपाशी असते. एके काळी माझ्यापाशीही ते नव्हते, ही कबुली आरंभीच दिलेली बरी.

1991 साली ड्रॉइंग बोर्ड सोडून मी ऑटोकॅडवर आलो तेव्हा निवडीला वाव असा नव्हताच. 386च्या यंत्रात 387 हा गणिती सहप्रोसेसर वेगळे पैसे मोजून बसवावा लागे, आणि मोठ्या आरेखनाला ‘रीजन’ची आज्ञा देऊन आम्ही खुशाल चहाला जात असू. पुढे त्रिमितीय मॉडेलिंग आले, साच्याचे दोनदोनशे भाग एकाच असेंब्लीत बसू लागले, आणि काही वर्षांपूर्वी मी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून, दोन प्रोसेसर मिळून सोळा कोअरचे, एखाद्या लहान कपाटाएवढे यंत्र मोठ्या दिमाखाने कचेरीत आणविले. पहिल्याच आठवड्यात गिअरबॉक्सच्या आवरणाचा डाय-कास्टिंग साचा त्यावर उघडला. पार्टिंग लाइनजवळच्या एका भिंतीचा ड्राफ्ट दीड अंशावरून दोन अंश केला, रिबिल्ड दिला आणि वाट पाहत बसलो. टास्क मॅनेजर उघडून पाहतो तो बत्तीस थ्रेडच्या त्या प्रचंड यंत्राचा वापर तीन-चार टक्क्यांच्या वर सरकेना. आणि शेजारच्या मेजावरील उमेदवार मुलाने, चारच कोअरच्या पण अधिक गतीच्या जुन्या यंत्रावर, तेच काम माझ्या आधी पुरे करून माझ्याकडे पाहिले. काही बोलला नाही, एवढे त्याचे सौजन्य.

कारण यंत्रात नव्हते, कामाच्या प्रकृतीत होते. आधी स्केच, त्यातून उभा राहिलेला ठोकळा, त्या ठोकळ्याच्या भिंतींना ड्राफ्ट, आणि ड्राफ्ट दिल्यावर जी कड निपजेल तिच्यावर फिलेट, अशी ही फीचर ट्रीची वंशावळ असते. तीत बापाच्या आधी लेक जन्मू शकत नाही. चकलीची भाजणी भाजल्याखेरीज दळता येत नाही आणि दळल्याखेरीज मळता येत नाही. तेथे सोळा सुगरणी उभ्या केल्या तरी पंधराजणी पदर खोचून नुसत्या पाहत राहतील. करंज्यांचे तसे नाही, त्या लाटायला जितके हात तितके कमीच. रेंडरिंग आणि ताणाचे विश्लेषण ही करंज्यांची कामे होत. मॉडेलिंग ही भाजणी आहे. सबब ज्याचा डिझायनर दिवसभर मॉडेलच करतो, त्याने कोअरची संख्या आठावर थांबवून एकेका कोअरच्या गतीला पैसे मोजावेत. मात्र प्रोसेसरांची पिढी निराळी असेल तर गिगाहर्ट्झची तुलना फसवी ठरते, म्हणून आपलीच एक जड असेंब्ली विक्रेत्याच्या यंत्रावर उघडून घड्याळ लावावे.

रॅमविषयी फार लिहिण्याजोगे नाही. 32 जीबी बहुतेकांस पुरते, मोठ्या असेंब्लीवाल्यांनी 64 घ्यावी, आणि ती एका पट्टीत न घेता दोन सारख्या पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे प्रोसेसरला दोन्ही वाटांनी माल मिळतो. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत मात्र मोठे म्हणजे चांगले हा समज सोडावा. रिबिल्डशी त्याचा संबंध जवळजवळ नाही; मॉडेल पडद्यावर फिरविणे एवढेच त्याचे काम. खेळांसाठीचे महागडे कार्ड घेऊन सेक्शनमध्ये कडा लुप्त होताना मी पाहिल्या आहेत, तेव्हा सॉफ्टवेअर बनविणाऱ्यांनी तपासून प्रमाणित केलेल्या यादीतील मध्यम कार्ड, आणि त्याच यादीतला ड्रायव्हर, हा माझा शिरस्ता.

आता एक बाब अशी की जी दरपत्रकात कधीच नसते. सेकंदाला तीन हजार मेगाबाइट वाचणारी एनव्हीएमई डिस्क हौसेने घ्यावी, आणि फायली मात्र कचेरीच्या सर्व्हरवरून गिगाबिटच्या तारेने, म्हणजे सेकंदाला फार तर सव्वाशे मेगाबाइटने उघडाव्यात, हा प्रकार मी निदान दहा ठिकाणी पाहिला आहे. घोडा अरबी, पण वाट पाणंदीची. तसेच शॉपमधला बारीक कीस आणि तेलकट धूळ पंख्यावर बसली की प्रोसेसर तापतो आणि जीव वाचविण्यासाठी आपली गती आपणच उतरवितो. मग विकत घेतलेले गिगाहर्ट्झ कागदावरच राहतात. माझ्याकडे दर तीन महिन्यांनी झाकण उघडून ब्लोअर मारण्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिलेली असते.

ते सोळा कोअरचे यंत्र मी विकले नाही. दिवसा ते बंद असते. संध्याकाळी सातला त्यावर विश्लेषणाचे काम लावून आम्ही घरी जातो आणि सकाळी उत्तर तयार मिळते. फक्त बुधवारी रात्री काम लावीत नाही, कारण गुरुवार हा आमच्या वसाहतीचा सुट्टीचा वार, त्या दिवशी वीज जाते, आणि यूपीएस वीस मिनिटांच्या वर तग धरत नाही.