ज्याचा त्याचा हात

अंग आंबलं, कंबर धरली, मान आखडली, पोटरीत गोळा आला, शिरेवर शीर चढली, उसण भरली, पाय मुरगळला. कोल्हापुरात आमच्या पेठेत दुखणी ही एवढी, आणि प्रत्येक दुखण्याचा हात ठरलेला. डोकं आज्जीचं. बाळ-बाळंतीण मालीशवाल्या आक्कांची. पाय नातवंडांचे, म्हणजे दुखणारे आबांचे आणि दाबणारे हात नातवंडांचे. मुरगळलेलं तालमीतल्या वस्तादांचं. उसण पायाळूची. एकाच्या हद्दीत दुसऱ्यानं हात घालायचा नाही. आण्णांनी एकदा हौसेनं आईचं डोकं चेपायला घेतलं, तर आज्जी स्वयंपाकघरातून म्हणाली, "नारळ सोलतोयस काय रं?"

यातला सगळ्यात मानाचा हात मालीशवाल्या आक्कांचा. घरात पाळणा हलला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात उभ्या. त्या आल्या की बंब पेटलेला हवा, घंगाळं भरलेलं हवं, तेलाची वाटी कोमट हवी आणि पुरुष माणसं सोप्यावर हवीत. न्हाणीघरात पाटावर बसून त्या पाय लांब सोडायच्या, नडग्यांवर बाळ आडवं घ्यायच्या. आधी पाय, मग पोट गोल गोल, मग छाती, हात, पालथं घालून पाठ आणि शेवटी टाळू भरायची. मग उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला. बाळ पहिले चार दिवस घर डोक्यावर घ्यायचं. पाचव्या दिवशी आक्कांचा आवाज ऐकूनच हातपाय सैल सोडायचं. वर डाळीचं पीठ, साय आणि चिमूटभर हळद. मग कढत पाण्याचे तांबे, दुपट्यात गुंडाळी आणि अशी झोप की आई बिचारी मध्येच उठून श्वास चालू आहे का बघायची.

बाळ झोपलं की बाळंतिणीची पाळी. तिच्या कमरेला, मांड्यांना, पाठीला आक्का अशा भिडायच्या की वहिनीचं "आई गं" सोप्यापर्यंत ऐकू यायचं. मग पोट बांधायचं आणि बाजेखाली ओवा-शेपा टाकलेली शेगडी. सव्वा महिना हा नेम. आक्कांना महिन्याचे पैसे मिळायचेच, पण बारशाला साडी-चोळी आणि नारळ वेगळा, आणि पंगतीत ताट पहिल्या ओळीत. पुढं तो पोरगा इंजिनिअर झाला तरी आक्का त्याला रस्त्यात थांबवून सांगायच्या, "तुझं नाक मी काढलंय."

नाक कोणाचंही चोळून निघत नाही, हे आता कळतं. पण बाकीच्या खटाटोपाला पुढं मोठमोठे साक्षीदार मिळाले. लेबॉये नावाच्या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञानं कोलकात्याकडं एक आई उघड्यावर बसून बाळाला चोळताना पाहिली आणि तिच्यावर 1976 मध्ये एक अख्खं पुस्तक काढलं. पुस्तकाचं नाव 'शांतला', तेही त्या आईचंच. मग युरोपातल्या आया शिकायला लागल्या. 1986 मध्ये मायामीच्या टिफनी फील्ड यांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांना दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस चोळून पाहिलं. दूध सगळ्यांना सारखंच, पण चोळलेल्या बाळांचं वजन 47 टक्के जास्त वाढलं. आक्कांना हे कोणी सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "मग? एवढं शिकून एवढंच कळलं?"

तरी आक्कांचं सगळंच मुरवून ठेवण्यासारखं नव्हतं. बाळाच्या नाकाकानांत तेलाचे थेंब सोडणं, कोंडलेल्या खोलीत धुरी, नवजात बाळाची छाती पिळणं, यावर आजचे डॉक्टर रागावतात आणि बरोबर रागावतात. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. आमची छाती पिळली गेली आणि आम्ही तरलो, हा काही पुरावा नव्हे.

रविवारचं डोकं आज्जीचं. माका, ब्राह्मी आणि जास्वंद घालून उकळलेलं खोबरेल, पितळी वाटी आणि पायरीवर एकीच्या पुढं एक बसलेल्या मुली. आज्जी मधल्या बोटांनी टाळूवर तेल जिरवायची, मग कानशिलं, मग मानेचा खळगा. केसांतून तिचा हात फिरायचा आणि वरून चौकशी चालायची. कोण कुणाशी भांडलं, गणितात किती पडले, आत्तीचं पत्र कुणी फोडलं. डोकं तिच्या ताब्यात, पळायची सोय नाही, त्यामुळं सगळं बाहेर यायचं. कणकण असली तर तीही तिथंच पकडली जायची. वाग्भटानं रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष तेल लावायला सांगितलंय. कफ झालेल्याला आणि अजीर्ण झालेल्याला तेल लावू नये, हेही त्यानंच सांगितलंय. आज्जीनं वाग्भट वाचला नव्हता, पण शिंकणाऱ्याला ती ओळीतून उठवायची. शिंका खोट्या असल्या की तेही तिला कळायचं.

तळपायाचा विषय आबांचा. रात्री दिवे मालवायच्या आधी नातवंडांपैकी दोघं त्यांच्या पायाशी. एकानं उजवा, एकानं डावा. दाबताना पाढे म्हणायचे, पावकी-निमकीसकट, म्हणजे आबांचे पाय आणि आमचं गणित एकाच वेळी सुधारायचं. बक्षीस पाच पैसे, तेही आबा घोरायच्या आधी मागितले तर. उन्हाळ्यात काशाची वाटी निघायची. तळव्याला तूप लावून वाटी गोल गोल घासायची. थोड्या वेळात तळवा काळा, वाटी काळी आणि आबा म्हणायचे, "बघा, सगळी उष्णता निघाली." ते काळं म्हणजे तूप आणि धातू यांच्या घासण्यातून निघालेलं, आबांच्या अंगातलं नव्हे. पण वाटीचा तो गार, गुळगुळीत स्पर्श आणि त्यानंतरची झोप खरी. आता गावोगावी काशाची थाळी फिरवणारी यंत्रं बसवलीत आणि वर 'विषारी द्रव्ये बाहेर काढा' अशा पाट्या लावल्यात. आबा निदान फुकट फसवायचे.

पाठ तुडवणं हा रविवार दुपारचा कार्यक्रम. आण्णा सतरंजीवर पालथे, आमच्यातलं सगळ्यात हलकं पोरगं भिंतीचा आधार घेऊन पाठीवर चालणार. कण्यावर पाय द्यायचा नाही, मूत्रपिंडाच्या जागी टाच मारायची नाही, एवढे दोनच नियम. वजन वाढलं की नोकरी गेली, धाकट्याची नेमणूक. केरळात कळरी या युद्धकलेच्या आणि कथकळीच्या पोरांना असंच वर टांगलेल्या दोराला धरून पायानं तेल चोळतात. तिथं त्याला शास्त्र आहे, आमच्याकडं नुसती भिंत होती.

मुरगळलं की तालीम. कोल्हापुरात तालीम म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळायचं नाही. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागचं मैदान उभं केलं आणि कुस्ती या गावाच्या अंगात मुरली. ताक, तेल, हळद आणि लिंबू पाजलेली ती लाल माती, जोर-बैठका, लढत आणि लढतीनंतर धाकट्या पोरांनी थोरल्यांना चोळायचं. चोळता चोळताच पोरांना अंग कळायचं. कुठला स्नायू दमलाय, कुठं गाठ बसलीय, कुठं नुसतं नाटक आहे. वस्तादांचा हात त्या शिक्षणातला शेवटचा. गल्लीतलं लंगडणारं पोर, गवंडी, भाजीवाली, सगळी संध्याकाळी तिथं. ताज्या सुजेवर वस्ताद तेलाचं बोटही लावायचे नाहीत. गार पाणी, आंबेहळद-तुरटीचा लेप, "परवा ये." आजचा फिजिओथेरपिस्टही पहिले दोन दिवस चोळू देत नाही. आणि बोटांना काही वेगळं लागलं की वस्ताद लगेच हात काढून घ्यायचे. "हाड हाय. थोरल्या दवाखान्यात जा." हात कुठं काढून घ्यायचा हे कळणारा माणूस मला आजही चोळणाऱ्यांत सगळ्यात भरवशाचा वाटतो. दाढी झाल्यावर मान कडकन मोडून देणाऱ्या कारागिराला ते कळत नसे. मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं आणि माना पुढं करणाऱ्या आम्हालाही.

जिथं कुठलाच हात पोचायचा नाही तिथं पिवळं अमृतांजन. 1893 मध्ये मुंबईत निघालेली ही बाटली घराघरात इतकी मुरली की खंडाळ्याच्या घाटातल्या जुन्या पुलालाही लोक अमृतांजनचाच म्हणायचे. तो पूल 2020 मध्ये पाडला. बाटली आहे.

आता नातीनं आम्हा दोघांना लग्नाच्या वाढदिवसाला स्पाचं कूपन दिलं. तिथल्या कार्डावर स्वीडिश, डीप टिश्यू, थाई अशी यादी. स्वीडिश मालीशमधले पाच हात तिथल्या मालीशवाल्या मुलीनं समजावून सांगितले. लांब हात फिरवणं, मळणं, चोळणं, थापटणं, थरथरवणं. नेदरलँड्सच्या मेट्झगर नावाच्या डॉक्टरानं एकोणिसाव्या शतकात ते लावून दिले म्हणतात. आमच्या हिला ऐकता ऐकता हसू आवरेना, कारण आक्कांचे तिच्यावर पाचही करून झाले होते, शिवाय सहावा हात शिव्यांचा. थाई मालीश कपडे घालून, चटईवर, तेलाशिवाय. हात, कोपर, गुडघे, पाय सगळं वापरून अंग ताणायचं. युनेस्कोनं 2019 मध्ये तिला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. मला ती आवडली. आण्णांची सतरंजी पार थायलंडला जाऊन शिकून आल्यासारखी वाटली. मुलीचा हात चांगला होता, जोर विचारून लावत होती. आमच्याकडं कुणी कधी विचारलं नव्हतं.

राहिली उसण. ती पायाळूची. पायाकडून जन्मलेला माणूस, त्यानं पाठीला तीनदा पाय लावला की उसण उतरते, हा सगळ्या महाराष्ट्राचा समज. आमच्या गल्लीत असा एकच होता, आमच्याच वर्गातला. पहाटे दार वाजायचं आणि एखादे हेडमास्तर वाकून, धोतर सावरून, त्याच्यासमोर पाठ करून उभे असायचे. ज्या मास्तरांनी आदल्या दिवशी छडी मारली त्यांना त्यानं कसा पाय लावला असेल, याची कल्पना करून आम्ही वर्ग काढला. बहुतेक उसण काही दिवसांत आपली आपणच जाते, त्यामुळं त्याला अपयश ठाऊकच नव्हतं. चहा, बिस्किट, कधी गूळ-शेंगदाणे, असं त्याचं उत्पन्न. आता तो सत्तरीकडं झुकलाय आणि परवा त्याचीच कंबर धरली. स्वतःच्या पाठीला स्वतःचा पाय पोचत नाही, म्हणून सुनेनं त्याला फिजिओथेरपीला नेलं. तिथल्या पोरीनं पोटाचे चार व्यायाम दिले, कमरेला हलकं मालीश केलं, पंधरा दिवसांनी बोलावलं. उठता उठता त्यानं तिला विचारलं, "बाळ, तू पायाळू हायस काय?" ती म्हणाली, "नाही आजोबा, सिझेरियन."