धाकट्याचं ऐकावं

आमच्या रत्नागिरीत आखातात माणूस नाही असं मोहल्ल्यातलं घर शोधावं लागतं. मुलाला अल्लाहच्या हवाली करून निरोप देतो, आणि तो पोहोचल्याचा फोन येईपर्यंत घरात कुणी झोपत नाही.

१ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईला निघालेलं ‘सम्राट अशोक’ विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. विमान सरळ झालं तरी कॅप्टनसमोरचं यंत्र ते उजवीकडे कललेलं दाखवत होतं. अंधारात त्यावर विसंबून त्यांनी ते डावीकडे झुकवलं. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान मंगळूरला दरीत गेलं, १५८ मृत्यू. न उतरता पुन्हा वर घ्या, असं सहवैमानिकाने तीनदा सुचवलं होतं.

म्हणून आता वैमानिकांना शिकवतात: धाकट्याने स्पष्ट बोलावं, थोरल्याने ऐकावं.

मिरकरवाड्याला परतताना आमच्या होडीवरचा पोरगा खडक दाखवत होता. आम्ही त्याला गप्प केलं. होडी घासली, जीव वाचले, अल्हम्दुलिल्लाह. तेव्हापासून दस्तरखानावरही पोरांना आम्ही मध्येच तोडत नाही.