एसटीने येणारा डबा

गावातली पहिली एसटी उजाडायच्या आत सुटायची. म्हणून माय तिच्याही आधी उठून चूल पेटवायची. कळण्याच्या दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी घोटलेली भाजी, भरताचे दिवस असले तर भरीत. डबा फडक्यात बांधून ती स्टँडवर जायची आणि कंडक्टरच्या हाती देऊन म्हणायची, "पोऱ्याले दी देजो, भाऊ." जळगावच्या नाहीतर धुळ्याच्या स्टँडवर आम्ही आपापल्या गाडीची वाट पाहत उभे असायचो. कुणाच्या फडक्याला लाल चिंधी, कुणाच्या डब्यावर ऑइलपेंटने रंगवलेलं नाव. आमच्या डब्यावर नाव होतं काकाचं. त्याच्याआधी तो डबा आत्याच्या मुलाने वापरलेला, म्हणून काकाच्या नावाखाली त्याचंही नाव अर्धवट खरवडलेलं दिसायचं.

आमचं सगळं असंच, कुणाच्या तरी नंतरचं. पुस्तकं मागच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीला घ्यायची आणि वर्ष संपलं की पुढच्याला पाव किमतीला द्यायची. पहिल्या पानावर चार नावं, तीन खोडलेली, चौथं आपलं. बांधणी सुटली की गव्हाच्या पिठाची खळ, आणि तीही टिकली नाही की दाभण आणि गोधडीचा दोरा. जुन्या वह्यांतली कोरी पानं फाडून नवी वही शिवायची. एका वहीत रेघी पानं, चौकटी पानं, दुरेघी पानं, सगळी गुण्यागोविंदाने. दप्तर युरियाच्या गोणीचं. गणवेश वाढत्या अंगाचा, पाचवीत घेतलेला, सातवीत कुठे नीट बसायचा, आणि नीट बसेपर्यंत धाकट्या भावाची पाळी आलेली असायची. चपलेचा अंगठा तुटला की सेफ्टी पिन. कंदिलाची काच राखेने पुसायची, तडकली तर कागदाची पट्टी चिकटवायची. रॉकेल रेशनचं, म्हणून एका कंदिलाभोवती पाच डोकी. सर्वात धाकटा सगळ्यांचे धडे ऐकून ऐकून पुढच्या वर्गाचा अभ्यास आधीच करून बसायचा.

दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचणी. कमरेला ओटी बांधायची, सकाळच्या दवात वेचायला लागायचं, संध्याकाळी काट्यावर वजन आणि किलोच्या भावाने पैसे. वाळल्या बोंडांची टोकं बोटांना टोचायची. शाळा उघडल्यावर पहिले चार दिवस पेन धरवत नसे. पण फी, परीक्षेचा फॉर्म आणि स्वेटर, या तीन गोष्टी त्या पंधरा दिवसांत उभ्या राहायच्या.

जळगावला खोली चौघांत. अंथरूण आपापलं, स्टोव्ह एक, घड्याळ एक. खोलीत पंखा नव्हता म्हणून दुपार वाचनालयात काढायची. जळगावचं व. वा. वाचनालय 1877 सालचं, धुळ्यात गरुड वाचनालय. तिथे वर्तमानपत्राची पानं सुटी करून वाटून घ्यायची: एकाकडे अग्रलेख, एकाकडे जिल्ह्याच्या बातम्या, आणि नोकरीच्या जाहिरातींच्या पानाला रांग. याच खान्देशात अमळनेरला साने गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते, वसतिगृह सांभाळायचे, मुलांचे कपडे धुवायचे, खोल्या झाडायचे. आमच्या मास्तरांनी ही गोष्ट आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती, की गुरुजी आमच्याच गल्लीत राहून गेले असं आम्हाला वाटायचं.

मोठं होऊन काय व्हायचं, याची आमची यादी लहान होती. डी.एड., पोलीस भरती, मिल्ट्री, एसटी. 'कलेक्टर' हा शब्द फक्त आशीर्वादात यायचा. पाया पडलं की आजी तो तोंडावर टाकायची आणि लगेच विसरायची, आम्हीही विसरायचो.

मग राजेश पाटील यांचं पुस्तक हातात आलं. एरंडोल तालुक्यातल्या ताडे गावचा मुलगा, लहानपणी पाव विकलेला, शेतात मजुरी केलेला. 2005 च्या तुकडीत ओडिशात आयएएस झाला. पुस्तकाचं नाव 'ताई, मी कलेक्टर व्हयनू!' आम्ही आधी ते नावच चार वेळा वाचलं. जळगावात कॉलेजला आल्यावर जो घरच्या बोलीतला 'व्हयनू' आम्ही जिभेखाली दाबून ठेवत होतो, वर्गात चुकून निघाला तर कान लाल व्हायचे, तो इथे मुखपृष्ठावर छापलेला. नावातली 'ताई' म्हणजे त्यांची आई. आईला 'ताई' म्हणणारं घर आमच्याही गल्लीत होतं. ते पुस्तक खोलीतल्या चौघांनी वाचलं, मग शेजारच्या खोलीत गेलं, मग गावी गेलं. बांधणी शिवून परत आलं.

पुढे साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे राजेंद्र भारूड असेच पुस्तकातून भेटले. वडील जन्माआधीच गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवणारी. गिऱ्हाइकांना खायला आणून दिलं की चार नाणी मिळायची, त्यांतून ते पुस्तकं घ्यायचे. नवोदय विद्यालय, मुंबईत डॉक्टरकी, मग आयएएस, आणि काही काळ नंदुरबारचे जिल्हाधिकारी. त्यांचं 'मी एक स्वप्न पाहिलं'सुद्धा आमच्याकडे आलं ते तिसऱ्या हाताने, समासात कुणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणांसकट. आम्ही त्या खुणा खोडल्या नाहीत. आपल्या आधी कुणीतरी इथेच थांबलं होतं, हे पाहून बरं वाटायचं.

खोलीतल्या आम्हा चौघांतला एक तलाठी झाला, एक शिक्षक. एक तीन वेळा पूर्वपरीक्षा देऊन गावी परतला, आज केळीची बाग फार चांगली करतो. त्याच्या नोट्सवर मात्र पुढे दोन मुलं लागली.

बहिणींचं मला अजून लागतं. पुस्तकांची ती साखळी त्यांच्यापाशी येऊन दहावीला थांबायची. वेचणीचा पैसा त्यांचाही, पहाटे भाकरी थापणारे हात त्यांचेही. आमच्या विद्यापीठाला 2018 मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. असोद्याची ती लेक शाळेत गेली नव्हती. धाकट्यांच्या पदवीवर ते नाव पाहिलं की गल्लीतल्या किती तरी जणी आठवतात.

डबा रिकामा परत पाठवू नये, अशी मायची रीत. परतीच्या गाडीने आम्ही त्यात काही ना काही घालायचो. चार पेरू, भावासाठी रिफिल, गोळ्या-बिस्किटं. एकदा धाकट्या बहिणीसाठी नर्सिंगच्या प्रवेशाचा कोरा फॉर्म घडी करून ठेवला. दोन दिवसांनी पहाटेच्या एसटीने तो भाकरींच्या वर, कागदात गुंडाळून आला. वळणदार अक्षरात पूर्ण भरलेला. पालकाच्या सहीच्या जागी मायचा अंगठा, आणि त्याच्या शेजारी ठेच्याच्या तेलाचा डाग.