आठ हात आणि एक अंगठा

‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द कुणी चेष्टेने उच्चारला की वर्गात हशा पिकतो. मीही हसत असे; इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच. कारण माझी आई अंगठा उठवते.

ती विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात पाने. शेजारणीशी गप्पा चाललेल्या असतात, नजर दाराकडे असते आणि बोटे आपली भरताहेत, वळताहेत, दोरा गुंडाळताहेत. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. चढलो तो त्या विड्यांच्याच पैशांवर. आणि पहिल्या वर्षी अर्जावरच्या ‘पालकांची सही’ या रेघेवर आईचे नाव मीच वळणदार अक्षरांत लिहून टाकले! खिडकीपाशी माझ्यामागे वर्गातली मुले उभी होती. निळा अंगठा त्यांना दिसू नये, एवढेच तेव्हा सुचले.

यंदा मानसशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर मेंदू काढला. म्हणाले, ‘‘हुकूम इथून सुटतो. हात हा केवळ ताबेदार.’’ तास संपल्यावर मी भीतभीत विचारले, ‘‘सर, न बघता काम करणाऱ्या हाताला स्वतःची अक्कल नसते का?’’ सर हसून म्हणाले, ‘‘माणसाचे राहू दे. तू ऑक्टोपसविषयी वाच.’’

वाचू लागलो आणि थक्क झालो. सामान्य ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश डोक्यात नसून आठ हातांत असतात! हातात हाड नाही, सांधा नाही. कुठेही वाकावे, कसेही वळावे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील बिन्यामिन हॉखनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूशी संबंध तोडलेल्या हाताच्या मुख्य मज्जातंतूला त्यांनी विजेचा हलका धक्का दिला. तो हात जिवंत प्राण्याच्या हातासारखाच पुढे झेपावला. त्याचा बाक लाटेसारखा टोकाकडे सरकत गेला. म्हणजे ‘पुढे हो’ एवढेच मेंदूने सांगायचे. कसे व्हायचे ते हाताचे हात पाहून घेतो. पुढे २०२० साली हार्वर्ड विद्यापीठातील निकोलस बेलोनो यांच्या चमूने दाखवून दिले की हातांवरच्या चूषकांत चव ओळखणाऱ्या पेशीही असतात. पाण्यात सहज न विरघळणारे पदार्थसुद्धा त्यांना नुसते टेकताच कळतात. खडकाच्या फटीत, डोळ्यांआड, तो हात चाचपतो, चाखतो आणि मग धरतो किंवा सोडतो.

झाले! मी मनात ठरवून टाकले, आईच्या बोटांतही असाच एक छोटा मेंदू असला पाहिजे.

पण पुढे मार्टिन वेल्स भेटले. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांचे हे नातू. इटलीतील नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात त्यांनी ऑक्टोपसला केवळ स्पर्शाने वस्तू ओळखायला शिकवले. खरखरीत कोणती, गुळगुळीत कोणती, हे तो शिकला. पण फक्त वजनाने वेगळ्या असलेल्या वस्तूंमधला फरक त्याला काही केल्या शिकता येईना. हात वजन सावरून घेतो, पण त्याची खबर शिकणाऱ्या मेंदूपर्यंत जात नाही, असा वेल्स यांचा निष्कर्ष होता.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. एका विडीतली थोडी तंबाखू काडीने कोरून काढली आणि ती दुसऱ्या चांगल्या विडीसोबत आईच्या तळहातावर ठेवली. ‘‘डोळं मीट आन् सांग.’’

‘‘ही हलकी हाय. ही बाजूला काढत्याल,’’ ती लगेच म्हणाली.

मी तिला ऑक्टोपसची सारी गोष्ट सांगितली. म्हणालो, ‘‘आई, तुजी बोटंच शानी हायेत.’’

ती हसली. ‘‘बोटं सांगत्यात रं. पर ऐकाया मी नगं व्हय? पयल्या वर्साला निम्म्या इड्या म्हागारी यायच्या. रडत रडत शिकले.’’

मी गप्प झालो. ऑक्टोपसचा हात पुष्कळसे काम मेंदूला न विचारता उरकतो. आईचा हात विचारल्यावाचून काही करत नाही; ते विचारणे फक्त आता बाहेर दिसत नाही. वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने ते आत मुरले आहे. तिच्या बोटांना मेंदू बहाल करण्याच्या भरात मी तिच्या डोक्याचे श्रेयच काढून घेत होतो. मग अंगठा पाहून हसणाऱ्यांत आणि माझ्यात फरक तो काय राहिला?

पिशवीतून यंदाचा अर्ज आणि स्टॅम्पपॅड काढून तिच्यापुढे ठेवले. तिने विचारले, ‘‘गेल्या साली नव्हता लागला अंगठा?’’

खरे ते सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हात पदराला पुसत म्हणाली, ‘‘माजं नाव तरी नीट लिवलं हुतंस का?’’

सुट्टी संपली. अर्ज घेऊन रांगेत उभा राहिलो. माझ्यामागे वर्गातलीच मुले होती. या वेळी अर्जाची घडी घातली नाही.