पहिल्या पायरीवर दुसरीचा नियम वाचा

परवा रविवारी विहारातून वंदना आटोपून आम्ही घरी आलो, तर भाची बारावीची गुणपत्रिका पुढ्यात घेऊन बसलेली. डोळे सुजलेले. तिला वकील व्हायचे आहे, तेही फौजदारी. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉला तिचा नंबर लागला नाही. "मामा, आता संपलंच ना?" तिने विचारले.

"अगं, आधी जवळच्या कॉलेजात बी.कॉम. कर, मग तीन वर्षांच्या लॉला जा," हे शब्द आमच्या ओठांवर आले होते, पण जीभ अडखळली. कारण असाच एक सल्ला आम्ही पूर्वी नियम न वाचता देऊन बसलो होतो.

बारा-तेरा वर्षे झाली त्याला. वस्तीतल्या एका मुलाच्या थोरल्या भावाला रात्री पोलीस घेऊन गेले. मुलगा आम्हांला उठवायला आला. दोघेही ठाण्यात गेलो. टेबलामागच्या माणसाने विचारले, "तुम्ही वकील आहात काय?" आम्ही म्हणालो, "नाही, नोकरीला आहे, कारकून." "मग बाहेर बसा."

आम्ही बाहेर बसलो. आम्ही बी.कॉम. झालेले, ताळेबंद जुळवणारे. पण अटक झालेल्या माणसाला २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे लागते, वकिलाचा सल्ला घेण्याचा त्याला हक्क आहे, हे त्या रात्री आम्हांला छातीठोकपणे सांगता आले नाही. संविधानाच्या २२ व्या कलमात ते लिहिले आहे. संविधानाची प्रत आमच्या घरी फळीवर होती. उघडून वाचली मात्र नव्हती. सकाळी भाऊ सुटला. तिथल्या बाकावरच मुलगा म्हणाला, "काका, मी वकील होणार."

तो दहावी पास, गॅरेजात कामाला. आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले, "बारावी कशाला? नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी कर आणि थेट बी.ए.ला बस." रात्री जागून तो बी.ए. झाला. वस्तीत पेढे वाटले. मग लॉच्या प्रवेशाला गेला, तेव्हा बारावीची गुणपत्रिका मागितली. ती नव्हती. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत स्पष्ट आहे, की बारावीची पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली पदवी लॉच्या प्रवेशाला चालत नाही. यात मुक्त विद्यापीठाचा दोष नाही. तिथे शिकून कितीतरी आयाबहिणी पदवीधर झाल्या. दोष आमचा. पुढे दोन वर्षे तो आमच्याशी बोलला नाही. समोरून आला की "जय भीम" म्हणे आणि पुढे जाई. ते आम्हांला फार लागले.

म्हणून या वेळी आधी नियम वाचले, मगच भाचीशी बोललो. वाचकांनाही सांगतो. दहावी, बारावी, पदवी हा क्रम मोडू नका. नीट बारावी करून बाहेरून पदवी घेतली तर हरकत नाही. तीन वर्षांच्या लॉला पदवीत किमान ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. शिवाय राज्याची सीईटी द्यावी लागते. लॉ मात्र पोस्टाने होत नाही. ७० टक्के हजेरी लागते आणि वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच चालवता येतात. नोकरीवाल्याने याचा हिशेब आधीच करावा. पुढे सनद घेताना अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपये आणि इतरांकडून ७५० रुपये, याहून अधिक नोंदणी शुल्क घेता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२४ चा निकाल आहे.

हे शिक्षण कशासाठी, तेही भाचीला सांगितले. १ जुलै २०२४ पासून फौजदारीचे जुने कायदे जाऊन नवे आले. ठाण्यात दिलेल्या फिर्यादीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, हा १९८७ चा कायदा आहे. पण ठाण्यातल्या टेबलासमोर उभे राहून हे सांगणारे माणूस वस्तीत हवे ना!

आणि टप्प्याटप्प्याने शिकण्यात कमीपणा कसला? शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि बॅरिस्टर होऊनच आले. त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ लॉ कॉलेज १९५६ पासून फोर्टात आहे. दहिसरहून लोकलने चर्चगेट, तिथून पायी.

तो मुलगा आता तिशी ओलांडून गेला. त्याने १७ नंबरचा फॉर्म भरून बारावी केली आणि दुसऱ्यांदा पदवीला बसला. यंदा त्याचे शेवटचे वर्ष आहे. आमच्या निरोपावरून त्या संध्याकाळी तो घरी आला. भाचीला म्हणाला, "सगळ्या गुणपत्रिका एका फाईलीत लावून ठेव. मी ही पायरी दोनदा चढतोय. तू एकदाच चढ." आमच्याकडे त्याने पाहिले नाही, पण चहा मात्र घेतला.

सोमवारी तो भाचीबरोबर कॉलेजात फॉर्म आणायला गेला. आम्हीही अर्ध्या दिवसाची रजा टाकून सोबत गेलो. माहितीपुस्तिका या खेपेला आम्ही पहिल्या पानापासून वाचली.