'रोपण' या शब्दाची भूल

'रोपण' हा शब्द उच्चारला की मराठी मनासमोर भाताचे खाचर उभे राहते. रोप एका जागेहून उपटावे, दुसऱ्या चिखलात लावावे, मग ते तेथे मूळ धरते. 'मूत्रपिंड प्रत्यारोपण' या शब्दातही ही प्रतिमा बरीचशी खरी ठरते. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी एकरूप जुळ्यांपैकी एकाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले. ते तेथे नांदले आणि तो भाऊ आणखी आठ वर्षे जगला. 'पेशींचे रोपण' म्हणताना मात्र हीच प्रतिमा आपल्याला चकविते.

हा केवळ परिभाषेचा काथ्याकूट नव्हे. आमचे एक ज्येष्ठ सहकारी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. वहिनी स्वतःचे मूत्रपिंड देण्यास सिद्ध आहेत. तपासण्याही जुळल्या आहेत. तरी सर थांबून राहिले होते. मूलपेशी टोचल्या की त्या निकामी मूत्रपिंडात रुजतात व ते नव्याने घडवितात, अशा आशयाचे एका खासगी केंद्राचे पत्रक त्यांच्या हाती आले होते. "पेशींनी भागत असेल तर हिच्या पोटाला चीर कशाला?" असे ते म्हणत. पत्रक त्यांनी आम्हांलाही वाचावयास दिले.

आम्ही मराठीची माणसे. तरी जमेल तेवढे वाचले. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात, आणि जन्मानंतर माणसात नवा नेफ्रॉन घडत नाही. नेफ्रॉनच्या नलिकांचे अस्तर तेवढे इजेनंतर भरून येऊ शकते. म्हणूनच एकाएकी बंद पडलेले मूत्रपिंड पुष्कळदा सावरते. वर्षानुवर्षे व्रण साचलेले सावरत नाही. अस्थिमज्जेतील पेशी दिल्यावर प्रयोगशाळेतील उंदरांची इजा कमी झाली हे खरे. परंतु शिरेतून दिलेल्या या पेशी बहुतांशी फुप्फुसातच अडकतात व काही दिवसांत नाहीशा होतात. त्यांनी स्रवलेली द्रव्ये दाह शमवितात, जखमी पेशींना सावरण्यास साहाय्य करतात. म्हणजे त्या रुजत नाहीत. निरोप पोहोचवून निघून जातात. माणसात तोही निरोप पोहोचतोच असे नाही. हृदयशस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडास इजा झालेल्या १५६ रुग्णांवरील चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीत पेशी मिळालेले रुग्ण इतरांहून लवकर सावरले नाहीत. रुग्णाच्याच मूत्रपिंडातील पेशी वाढवून परत टोचण्याच्या चाचण्याही झाल्या आहेत; त्यांचा हेतू ऱ्हास मंदावण्याचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसारखे मान्य उपयोग वगळता मूलपेशी चाचणीबाहेर उपचार म्हणून देता येत नाहीत.

हे सारे आम्ही सरांपुढे ठेवले. तीस वर्षे व्याकरण शिकविलेला हा माणूस थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे पत्रकातले क्रियापदच खोटे आहे." पुढील आठवड्यात त्यांनी वहिनींसह शल्यविशारदांची वेळ घेतली.

वर्गात आपण प्रतिमेचे सौंदर्य उलगडून दाखवितो. तिची मर्यादा दाखविणे हेही त्याच अध्यापनाचे अंग आहे. संशोधनाला अवश्य यश येवो. तोवर 'पेशी-उपचार' हा रुक्ष शब्द आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात रुजण्याचे आश्वासन नाही, आणि त्याच्या भरवशावर कुणी वेळ दवडण्याचा संभवही कमी आहे.