सात मिलिसेकंदांची उधारी

रात्रीचे अडीच. होस्टेलच्या पॅसेजमध्ये आमची गाडी धावत होती. गाडी म्हणजे काय, तर चार चाकं, बॅटऱ्या, वर चिकटपट्टीने बसवलेला रास्पबेरी पाय 4 आणि पुढे कॅमेरा. खोलीत बसून लॅपटॉपवर चित्र बघायचं आणि बटणांनी गाडी चालवायची, असा आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट! स्क्रीनवर बादली अजून चांगली तीन पावलं लांब दिसत होती. मी आरामात ब्रेक दाबला. तेवढ्यात बाहेरून आवाज आला... धाडकन! पाठोपाठ सफाईवाल्या मामांच्या बादलीतलं पाणी दाराखालून आत.

रिपोर्टमध्ये मात्र आम्ही ऐटीत लिहिलं होतं, 'रिअल टाइम व्हिडिओ, विलंब नगण्य.' नगण्य म्हणजे किती, हे मोजलं कुणी होतं?

गंमत अशी, की प्रोग्राम नुकताच सुरू केला की गाडी गुणी बाळासारखी चालायची. मिनिटभराने बेफाम. "मग सोपंय," मी म्हणालो, "एक्सटर्नल आले की रिस्टार्ट मारायचा, छोटी फेरी दाखवायची आणि बंद!" पार्टनर फरशी पुसत होता. म्हणाला, "आणि बादलीच्या जागी कुणाचा पाय असला तर?" त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. मी पांघरूण घेऊन झोपलो, तो कागद घेऊन बसला.

सकाळी तो कागद माझ्या उशाशी होता. कॅमेरा सेकंदाला 30 फ्रेम देतो, म्हणजे साधारण 33 मिलिसेकंदांना एक. प्रत्येक फ्रेममधला अडथळा शोधायला आमचा प्रोग्राम घेतो 40. फरक जेमतेम सातचा! पण एकही फ्रेम वाया जाऊ नये म्हणून आम्हीच मध्ये रांग लावून ठेवली होती. मिनिटात 1800 फ्रेम आल्या, 1500 निघाल्या, 300 तुंबल्या. म्हणजे मिनिटभराने स्क्रीनवर दिसतं ते 10 सेकंदांपूर्वीचं! अगदी केटीसारखं. एक विषय राहिला तर काय होतंय, म्हणता म्हणता गाडी बादलीत.

मग रांगच काढून टाकली. नवी फ्रेम आली की जुनी सरळ फेकायची. मेसमध्ये गरम पोळी समोर असताना कालची कोण खातो? पाठवण्याचाही प्रश्न होता. 640 बाय 480 ची एक कच्ची फ्रेम सव्वानऊ लाख बाइट्सची, सेकंदाला पावणेतीन कोटींच्या वर. होस्टेलच्या वायफायला ते कुठलं झेपायला! बोर्डावरच्या एच.264 एन्कोडरकडून व्हिडिओ दाबून घेतला. उरला ताप. 80 अंशांच्या वर बोर्ड स्वतःच वेग कमी करतो, मग 40 चे 50 व्हायला वेळ लागत नाही. भंगारातल्या पीसीचा पंखा तिथे कामी आला.

मोजण्याची युक्तीही पार्टनरचीच. कॅमेऱ्यासमोर मोबाइलचा स्टॉपवॉच, शेजारी लॅपटॉप, आणि दुसऱ्या मोबाइलने दोन्हींचा एकत्र फोटो. दोन आकड्यांतला फरक म्हणजे विलंब. दहा फोटो काढले. फरक साधारण 0.2 सेकंद. गाडीचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे चित्र गाडीच्या 10 सेंटीमीटर मागे.

'नगण्य' खोडून तो आकडा लिहिला. खाली 'सेकंदाला 5 फ्रेम सोडून दिल्या जातात' हेही लिहिलं. लिहिताना माझा हात जरा अडखळला, खोटं कशाला सांगू?

व्हायवाला एक्सटर्नल सरांचं बोट नेमकं तिथेच थांबलं. "रिअल टाइम म्हणता, आणि विलंब कसा?"

"सर, रिअल टाइम म्हणजे शून्य विलंब नाही. ठरलेल्या वेळेच्या आत काम होणं." पार्टनरने फोटो पुढे केले. सरांनी ते निरखून पाहिले आणि म्हणाले, "आता गाडी दहा मिनिटं चालवा." दहा मिनिटं! माझ्या रिस्टार्टच्या आयडियेचं काय झालं असतं, ते आठवून मला तिथेच घाम फुटला. गाडी चालली. बादलीच्या अलीकडे थांबली.

मामांची जुनी बादली मात्र त्या रात्री तडकली ती तडकलीच. "देतो मामा, उद्या देतो," असं म्हणत तिचे पैसे द्यायचे अजून राहिलेत. हा लेख छापून यायच्या आत द्यायला हवेत. तीही उधारी वाढतेच आहे.